घाटात पिकअपचं ब्रेक पेडल कडक होतं, मास्टर सिलिंडर बदलूनही तेच. काय बघावं?

पाटणखोरे | गुरुवार, रात्री ९.१२

राम राम मंडळी.

आमच्याकडे २००९ ची डिझेल पिकअप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ही चांगली का ती चांगली यावरच धागा शंभरी गाठेल. कराड बाजूचा भाजीपाला घेऊन चिपळूणला जाते, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. गाडी पुतण्या चालवतो, मी अधनंमधनं सोबत असतो.

त्रास असा: मोकळ्या रस्त्याला ब्रेक झकास. घाटमाथा ओलांडून उतार लागला की काही वळणांनी पेडल कडक व्हायला लागतं. खाली बसत नाही, उलट पायाला वर ढकलतं. सगळं वजन टाकून दाबलं की गाडी थांबते, पण तोवर पुढच्या एसटीच्या मागची जाहिरात फोन नंबरासकट वाचून होते. खाली पोफळीला थांबून चहा घेतला, पुन्हा निघालो, की सगळं जाग्यावर. शिवाय ब्रेक मारला की गाडी थोडी डावीकडे ओढते.

आजवर काय केलं: मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) नवा, ब्रेक ऑइल नवं, मागचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवतात ते) नवे. आता मेकॅनिक म्हणतोय बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा, टाकू. खर्चाला ना नाही, पण अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसायचं का? बघायची काही रीत असेल तर सांगा.

धुरळा | गुरुवार, रात्री ९.२०

मागे लिहून घ्या: "हॉर्न ओके, ब्रेक बघू."

मधला_गिअर | गुरुवार, रात्री ९.४१

यात बघायचंय काय? वळणावळणाला ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली तर कुठलीही गाडी हेच करणार. लायनर तापतात, पकड सुटते. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरायचं, हे आमच्या वेळी लायसन काढायच्या आधी शिकवायचे. हल्लीची पोरं चौथ्यात उतरतात आणि ब्रेकला नावं ठेवतात. पुतण्याला बसवा बाजूला आणि तुम्ही चालवून बघा.

सावंतवाडीकर | गुरुवार, रात्री ९.५८

मेल्यांनो, ब्रेक लागनत नाय तर घाटात जातास कित्याक?

पाटणखोरे | गुरुवार, रात्री १०.०५

@सावंतवाडीकर, कोबी घरात ठेवून सडवू का भाऊ? तरी सध्या घाट बंदच केलाय. माल दुसऱ्याच्या गाडीने जातोय.

आबा_फिटर | गुरुवार, रात्री १०.३४

मधला_गिअर म्हणतात ते खोटं नाही, पण घाई होतेय. पेडल काय बोलतंय ते आधी नीट ऐका. ब्रेक न लागण्याचे तीन प्रकार असतात आणि पायाला तिन्ही वेगळे लागतात.

पेडल मऊ पडलं, खाली गेलं, दोन-तीनदा मारल्यावर वर आलं, तर लाइनीत हवा किंवा वाफ. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शिरलं की १४० पर्यंत खाली येतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात एवढी उष्णता सहज होते, मग ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जाते.

पेडल जिथल्या तिथे, पायाला नेहमीसारखं, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो: लायनर तापून पकड सुटली. मधला_गिअर सांगतायत तो प्रकार हा.

पेडलच कडक, पाय दुखेस्तोवर दाबावं लागतं: बूस्टरची मदत मिळत नाही.

पाटणखोरे, तुमचं वर्णन तिसऱ्यात बसतं. तरी खात्री करायला एक सांगा. घाट उतरून गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू आहे, गाडी उभी आहे, तेव्हा पेडल दाबल्यावर कडकच लागतं का? लायनर तापले असतील तर उभ्या गाडीत पेडल नेहमीसारखं लागेल. उभ्या गाडीतही कडक असेल तर लायनर सोडा, व्हॅक्यूमच्या मागे लागा.

पाटणखोरे | गुरुवार, रात्री १०.५०

आबा, मागच्या खेपेला मी सोबत होतो. पोफळीला उभ्या गाडीत दाबून बघितलं होतं. कडकच. इंजिन चालू होतं.

आबा_फिटर | गुरुवार, रात्री ११.०२

मग मास्टर सिलिंडरचे पैसे गेले असं समजा. उद्या सकाळी गाडी थंड असताना घरीच बघा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, आतला व्हॅक्यूम संपेल, पेडल टणक होईल. मग पाय दाबूनच ठेवा आणि स्टार्टर मारा. इंजिन लागताच पेडल पायाखाली जरासं बसलं पाहिजे. बसलं तर बूस्टर जिवंत आहे.

दुसरं: इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा. पाच मिनिटं थांबून पेडल मारा. पहिले एक-दोन दाब नरम आले तर बूस्टरच्या पाईपातला एकतर्फी व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवतोय.

तिसरं: इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरचे रबर आतून गळतायत. तुमचा नवा आहे, तरी बघा. नवा म्हणजे चांगलाच असं काही नसतं.

सौ_स्टेपनी | शुक्रवार, सकाळी ७.१५

छान माहिती आबा, वाचनखूण साठवली. आमच्या नर्सरीच्या गाडीचं मी सांगते. आमचीही डावीकडे ओढायची. मेकॅनिक डावीकडचंच चाक उघडून बसायचे, कारण गाडी तिकडे जाते. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी उजवं खोललं. उजव्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबतो तो भाग) सरकत्या स्लाइड पिना गंजून जाम. उजवं चाक धरतच नव्हतं, म्हणून डावं एकटं ओढायचं. पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं, झालं. साधं ग्रीस लावू देऊ नका, तापलं की वितळतं आणि रबरही फुगतं.

मिशिगनकर | शुक्रवार, सकाळी ७.४०

इकडची कथा वेगळीच. माझ्याकडे ९० च्या दशकातला पिकअप आहे, हौसेने ठेवलेला. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ चासिसखालच्या लोखंडी ब्रेक पाईपांना खातं. वरून पाईप ठणठणीत, पण जिथे क्लिपने चासिसला धरलाय त्या क्लिपखाली गंज. एके दिवशी पार्किंगमध्ये पेडल सरळ तळाला. नशीब, गाडी उभीच होती. आता तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पाईप टाकलेत, ते गंजत नाहीत आणि हाताने वाकतात.

महाराष्ट्रात हा त्रास नसेल म्हणा.

बंदरावरचा | शुक्रवार, सकाळी ८.२२

@मिशिगनकर, नसेल कसा? मासळीच्या गाड्या बघा. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून टपटप खाली पडत असतं, तेही नेमकं मागच्या अ‍ॅक्सलवर. आमच्याकडे मागचा ब्रेक पाईप आणि हँडब्रेकची केबल हे दरवर्षी बघायचं काम आहे. केबल गंजून अडकली की हँडब्रेक ओढल्यावर सुटत नाही आणि ड्रम तापून वास सुटतो. लोक म्हणतात मासळीचा वास. मासळीचा नसतो तो.

धुरळा | शुक्रवार, सकाळी ८.३०

ब्रेकवर भाजलेली सुरमई, मार्केटला पोचेपर्यंत तयार.

मधला_गिअर | शुक्रवार, सकाळी ९.१०

आबा, मान्य. उभ्या गाडीतही कडक म्हणजे लायनर नाही. पण मूळ प्रश्न राहतोच. हीच गाडी सपाटीला चांगली चालते आणि घाटात रुसते ती का? माझा संशय पुतण्यावर कायम आहे. उताराला न्यूट्रल मारतो का ते विचारा. डिझेल वाचवायला मारतात बरेच जण.

पाटणखोरे | शुक्रवार, दुपारी १.०५

विचारलं. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "सरळ पट्टा असला की थोडं." घरात रामायण झालं.

आबांच्या तिन्ही तपासण्या केल्या. थंड गाडीत तिन्ही पास. स्टार्टर मारताच पेडल छान खाली बसलं. मग बूस्टर चांगलाच म्हणायचा ना? मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो, "थंडीत चालतो हो, गरम झाला की फसवतो."

आबा_फिटर | शुक्रवार, दुपारी १.४०

न्यूट्रलचं आधी. पेट्रोल गाडीला व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेलला तसा मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला, त्याच शाफ्टवर फिरतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर, म्हणजे पंपही हळू. वरून ब्रेक मात्र जास्त लागतात, कारण गिअर गाडीला धरत नाही. कमाई कमी आणि खर्च दुप्पट. इंजिनच बंद केलं तर विषयच नको, बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक आणि मग पाय दगडावर. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या जड गाड्यांचं काय होतं ते आपण पेपरात वाचतोच.

पण नुसत्या न्यूट्रलने एवढं कडक होणार नाही. पंप चांगला असेल तर आयडललाही भरून काढतो. गरम झाल्यावर काहीतरी सोडतंय. बूस्टर हा शेवटचा संशयित ठेवा, कारण गरम-थंड असा खेळ तो सहसा करत नाही.

एक विचारतो. हा त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीला कुठलं काम केलं होतं? ब्रेकचं नव्हे, कुठलंही.

पाटणखोरे | शुक्रवार, दुपारी २.१५

ब्रेकचं काहीच नाही. बॅटरी चार्ज होत नव्हती म्हणून अल्टरनेटर वाइंडिंगला दिला होता, तेवढंच. आणि सीझनला मागचे पाटे (वजन झेलणाऱ्या स्प्रिंगा) वाढवले, एकेक जादा पान टाकलं.

पाना_नंबर_१४ | शुक्रवार, दुपारी २.१८

अल्टरनेटर!!!

आबा_फिटर | शुक्रवार, दुपारी २.२५

हं. आता बॉनेट उघडा आणि अल्टरनेटरच्या मागून बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाईप बघा. कंपनीचा आहे का बाहेरचा? दोन बोटांत दाबा. कंपनीचा व्हॅक्यूम पाईप जाड भिंतीचा आणि आत दोऱ्याची वीण असलेला असतो, बोटांनी सहज चेपत नाही.

पाटणखोरे | शुक्रवार, सायंकाळी ६.५०

बाहेरचा आहे. काळा, गुळगुळीत, वर काही छापलेलं नाही. थंड असताना बरा वाटतो. पंपाकडच्या टोकाला जरा फुगल्यासारखा आणि चिकट आहे, बोटाला काळं लागतं.

आबा_फिटर | शुक्रवार, सायंकाळी ७.१०

सापडला. तो बहुधा पाण्याचा पाईप आहे. व्हॅक्यूम पंपाला वंगण म्हणून इंजिन ऑइल जातं, त्याची वाफ थोडी पाईपात येतेच. साध्या रबराला ऑइल लागलं की ते फुगतं, नरम होतं. कराडहून भरली गाडी कोयनानगरपर्यंत चढून आली, बॉनेटखाली भट्टी झाली, आणि वर घाटात गाडी हळू, वारा लागत नाही. नरम पाईप आतून ओढला जाऊन चपटा होतो, उसाच्या रसाच्या ग्लासातली कागदी नळी भिजल्यावर होते तसा. पंप बिचारा ओढतोय, बूस्टरपर्यंत काही पोचत नाही. थंड झाला की पाईप पुन्हा गोल. म्हणून चहा पिऊन आलात की ब्रेक ठीक.

गाडी तापवून उभी करा, एकाला पेडल मारत राहायला सांगा आणि तुम्ही पाईपाकडे बघा. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. पेडल मारताना पाईप चपटा होताना डोळ्यांनी दिसेल. व्हॅक्यूम गेज कुणाकडे मिळालं तर बूस्टरच्या तोंडाशी लावा. मर्क्युरीचे २४-२५ इंच दिसायला हवेत.

मधला_गिअर | शुक्रवार, सायंकाळी ७.३०

दंडवत आबा. तरी न्यूट्रल बंद करा म्हणजे करा.

लोडमास्टर | शुक्रवार, रात्री ८.४५

सगळे पाईपावर खूश झालेत, पण त्या वाढवलेल्या पाट्यांकडे कुणी बघितलंच नाही. बऱ्याच पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याला मेकॅनिक एलएसपीव्ही म्हणतात. त्याचा दांडा अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला, हौदा खाली बसला, की दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

आता जादा पानं टाकलीत. माल भरला तरी हौदा पूर्वीइतका बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच. मागचे ब्रेक निम्मेच काम करतात आणि दोन टनांचं वजन पुढच्या दोन डिस्कवर. पुढची चाकं जास्त तापतात का ते हाताने नको, वासाने बघा. पाटे वाढवले की त्या व्हॉल्व्हचा दांडा पुन्हा सेट करायला लागतो, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये माप दिलेलं असतं. हे शंभरात नव्वद ठिकाणी कुणी करत नाही.

पाना_नंबर_१४ | शुक्रवार, रात्री ९.००

आमच्याकडे तो व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि सरळ पाईप जोडतात. मागचा ब्रेक जोरात लागतो. गिऱ्हाईक खूश.

लोडमास्टर | शुक्रवार, रात्री ९.०८

आणि पहिल्या पावसात रिकामी गाडी परतताना ब्रेक मारला की मागची बाजू पुढे येते. गिऱ्हाईक खूश राहतं का ते तेव्हा विचारा.

पाना_नंबर_१४ | शुक्रवार, रात्री ९.११

मी करतो असं म्हणालो नाही. करतात असं म्हणालो.

सौ_स्टेपनी | शुक्रवार, रात्री ९.३०

मुळात पाटे वाढवायचे कशाला? गाडीच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढं भरलं तर कंपनीचे पाटे पुरतात. ब्रेकसुद्धा तेवढ्याच वजनाला बनवलेले असतात, पाटे वाढवून ब्रेक वाढत नाहीत.

धुरळा | शुक्रवार, रात्री ९.३३

ताई, आता ओव्हरलोडवरून शंभर प्रतिसाद पक्के.

पाटणखोरे | शुक्रवार, रात्री ९.५५

ताई, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. पण एका खेपेचं भाडं आणि डिझेल काढून कोबीला किलोमागे काय उरतं ते एकदा मार्केटला येऊन बघा. दीड टनाची खेप परवडत नाही आणि दोन खेपा मारायला माणूस नाही. समर्थन करत नाही, सांगतोय.

सौ_स्टेपनी | शुक्रवार, रात्री १०.१०

रोपं नेतानाही तेच गणित असतं दादा, म्हणूनच बोलले. आम्ही पानं काढून टाकली. खेपा वाढल्या, टायर मात्र जास्त टिकतात.

पासिंगवाला | शनिवार, सकाळी ९.२०

अवांतर नाही, कामाचं आहे. गाडी ८ वर्षांच्या पुढची, म्हणजे फिटनेस दरवर्षी. पासिंगला जायच्या आधी मागचे ड्रम खोलून बघा. एकीकडचा लायनर ओला दिसला तर बोट लावून पाण्याखाली धरा. पाण्याने धुऊन गेलं तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. तेलकट राहिलं आणि गंधकासारखा उग्र वास आला तर अ‍ॅक्सलचं गिअर ऑइल, सील गेलंय. दोन्ही दुरुस्त्या वेगळ्या आहेत, आणि भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचा नाही, टाकायचा. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, लेथवर मारताना त्याच्या पुढे जायचं नाही.

आणि ड्रममधली धूळ हवेच्या पाईपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा.

बंदरावरचा | शनिवार, सकाळी ९.४५

आमचा मिस्त्री ती धूळ तोंडाने फुंकतो. त्याला हे वाचून दाखवतो.

पाटणखोरे | रविवार, रात्री ८.३०

मंडळी, काम झालं. सांगतो.

गाडी उंब्रजपर्यंत फिरवून तापवली. पुतण्या पेडलवर, मी बॉनेटपाशी. तिसऱ्या-चौथ्या दाबाला पाईप मधोमध चपटा झाला, चक्क पट्टीसारखा. इंजिन रेस केल्यावर आणखी चपटा. मेकॅनिकला तिथेच बोलावून दाखवलं. तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बूस्टर नको मग." नवा व्हॅक्यूम पाईप टाकला, जुना एकतर्फी व्हॉल्व्हही ऑइलने माखलेला होता म्हणून तोही बदलला. बूस्टरच्या किमतीपुढे दोन्ही मिळून काहीच नाही.

डावीकडे ओढण्याचं ताईंनी सांगितलं तेच निघालं. उजव्या कॅलिपरची खालची पिन हातोडीशिवाय निघेना. आतला पॅड पत्र्यापर्यंत आलेला, बाहेरचा जवळपास नवा.

पुढच्या डिस्क निळसर पडल्यात, म्हणजे लोडमास्टरही बरोबर. सध्या जादा पानं ठेवलीयत, पण व्हॉल्व्हचा दांडा मॅन्युअलच्या मापाने लावून घेतोय. मॅन्युअल शोधायला दोन दुकानं पालथी घातली.

आज माल कमी भरून घाट उतरून आलो, दुसऱ्या गिअरमध्ये. पेडल शेवटपर्यंत नरम. पुतण्याचं म्हणणं, फार हळू वाटतं. मी म्हटलं, वाटू दे.

आबा_फिटर | रविवार, रात्री ८.५०

उत्तम. आणखी एक काम. पाईपात ऑइल जास्त सापडलं असेल तर बूस्टरमध्येही गेलं असेल, आतला पडदा त्याने नरम होतो. व्हॅक्यूमचं तोंड खोलून आत पातळ नळी घालून बघा, ऑइल निघालं तर काढा. आणि पंपाची ऑइल परतीची नळी कुठे दबली नाही ना तेही बघा. वाइंडिंगवाल्याने एक पाईप बदलला म्हणजे दुसऱ्यालाही हात लावलाच असेल.

पाटणखोरे | रविवार, रात्री ९.०२

उद्या बघतो आबा. चिपळूणला कधी आलात तर कळवा, कोबी माझ्याकडून.

कॉर्नरसीट | रविवार, रात्री ९.१५

हा व्हॅक्यूम पाईप मागायचा कसा? आमच्या दुकानदाराला व्हॅक्यूम म्हटलं की तो एअर फिल्टर काढून देतो.

पाना_नंबर_१४ | रविवार, रात्री ९.२१

जुन्या पाईपाचा तुकडा कापून सोबत न्या आणि "बूस्टरचा पाईप" म्हणून मागा. आतला व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. क्लिप आवळून बसवायचा सैल पाईप घेऊ नका.

कॉर्नरसीट | रविवार, रात्री ९.३०

धन्यवाद. आता आलोच आहे तर विचारतो, माझ्या गाडीचं उलटं आहे. सिग्नलला पेडल दाबून धरलं की हळूहळू तळाला जातं. ऑइल कुठे सांडलेलं दिसत नाही.

आबा_फिटर | रविवार, रात्री ९.३४

माझी तिसरी तपासणी वाचा. नवीन धागा काढा. आणि तोवर गाडी हलवू नका.